थोरल्यांचा डावा कान

२ सप्टेंबर, सोमवार

ही नोकरी मला कितीला पडली, ते आज एकदाचं मांडून ठेवतो. एका पान्यावर उभं केलेलं माझं गॅरेज गेलं. सगळी तिशी गाड्यांखाली आणि संध्याकाळच्या कॉलेजात गेली. बायकोचं जमलेलं शिवणकाम गेलं, कारण गिऱ्हाइकं काही नव्या गावी मागे येत नाहीत. आणि मेहुण्याशी बोलणं गेलं. काळे हात धुतले म्हणून कोणी मास्तर होत नसतो, असं तो भर जेवणात म्हणाला होता. हे शेवटचं मी नुकसानीत धरत नाही.

पण आज हायस्कूलच्या त्या दारावर माझं नाव होतं. वर ‘शरीररचना’, खाली मी. रंग अजून ओला. रंगाऱ्याने मात्र आळस केलाय, आधीच्या सरांचं नाव खरवडलंच नाही, त्यावरच एक हात मारला. उजेड तिरपा पडला की खालची अक्षरं वर येतात.

खोली झकास आहे. उंच खिडक्या, पत्रा मारलेली लांब टेबलं, काचेची कपाटं, झाकण हरवलेलं एक प्लॅस्टरचं हृदय. कोपऱ्यातल्या बेसिनचा नळ ठिबकतो. दारातूनच ओळखलं, वायसर गेलाय. आणि फळ्याशेजारी लोखंडी स्टँडला टांगलेला सापळा. खराखुरा, प्लॅस्टिकचा नव्हे. यंत्र ताब्यात घेताना सगळे सांधे हलवून पाहायची माझी सवय आहे, तसे पाहिले. हाडं जुनी, पिवळट. फक्त उजव्या गुडघ्याची वाटी पांढरी. म्हणजे दुसऱ्या गाडीचा पार्ट बसवलाय! आमच्याकडेही चालायचं हे. मग टॉर्च घेऊन कानांच्या भोकांत पाहिलं. आत तीन चिमुकली हाडं असतात, हातोडी, ऐरण आणि रिकीब. तांदळाच्या दाण्याएवढी, पण आवाज आत पोचवतात तीच. दोन्हीकडे रिकामं. त्यात नवल नाही, जुन्या सापळ्यांतली ती धुतानाच गळून जातात.

मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, आधीचे सर म्हणजे हाडाचे शिक्षक. मी मोठ्याने हसलो. बाई हसल्या नाहीत.

३ सप्टेंबर, मंगळवार

पहिला वर्ग. मी दाराशी हसतमुख उभा, आणि मुलं माझ्या अंगावरून थेट सापळ्याकडे! एकेक जण त्याच्यापुढे थांबून म्हणतो, “थोरले, बसतो.” मग बाकावर. मग कुठे कोणाला तरी आठवलं की खोलीत एक जिवंत मास्तरही आहे.

विचारलं तर कळलं, हे आधीच्या सरांचे नियम. दोन वेण्यांची एक मुलगी पहिल्या बाकावर बसते, तिने ते घडाघडा म्हणून दाखवले आणि वर्गाने तिच्यामागून ओढले. थोरल्यांना सांगून बसायचं, सांगून उठायचं. हाड दोन हातांनी उचलायचं. हातात हाड असताना हसायचं नाही. आणि या खोलीत आपल्या अंगाचं कौतुक करायचं नाही, थोरल्यांच्या देखत तर नाहीच. मी हसत विचारलं, का बरं? मुलगी म्हणाली, सर म्हणायचे, ज्याच्याकडे नाही त्याच्यापुढे मिरवू नये.

सर म्हणायचे! तासाभरात हे दोन शब्द इतक्या वेळा कानावर आले की मी मोजणं सोडलं. जेवताना बायकोला सांगितलं, तर ती म्हणते, तुमचं तिथे काय अडलं, सापळ्याला मान देतात तर देऊ द्या, तो काय पगार मागतोय? गोष्ट पगाराची नाही हे तिला कसं सांगू?

५ सप्टेंबर, गुरुवार

आज माझे नियम फळ्यावर लिहिले. नखं कापलेली हवीत. पांढरा कोट बटणं लावून घालायचा. हाडाचं नाव पाठ नको, काम सांगता यायला हवं. चुकलं तर विचारायचं, लाजायचं नाही. आणि सापळ्याला सापळा म्हणायचं, त्याचा निरोप घ्यायचा नाही.

दोन वेण्या फळ्याकडे न बघता सापळ्याकडे बघत होत्या. मग मीच खेळ मांडला. सांगितलं, मी बंद बॉनेटवरून इंजिनाचं दुखणं ओळखायचो, पंचक्रोशीत असे कान नव्हते. या कानांतून काही सुटत नाही! वर्गाकडे पाठ करून सापळ्याशेजारी खुर्ची टाकली आणि म्हटलं, एकेकाने चालत या. पावलांवरून ओळखत गेलो. हा खिडकीजवळचा, एका टाचेवर जोर देणारा. ही सर्दी झालेली. हा दुसऱ्याचे बूट घालून फसवणारा! वर्ग खदखदला, टाळ्या पडल्या. इतके दिवस नुसती इंजिनं टाळ्या द्यायची. आज माणसांनी दिल्या.

फक्त दोन वेण्यांनी हात हलवले नाहीत. खुर्ची सरकवताना सापळ्याच्या जबड्याचा धक्का माझ्या डाव्या कानाला लागला. गार होता.

९ सप्टेंबर, सोमवार

शाळेसमोरच्या फुटपाथवर आधीचे सर भेटले. बारीक, पांढरे, हातात काठी, उजवा पाय न वाकवता ओढत चालणारे. माझ्या वर्गातली निम्मी मुलं त्यांच्याभोवती. मला पाहिल्यावर पांगली, जणू मीच चोरी करताना सापडलो.

सरांनी मला बाजूला घेतलं. नियम बदललेत म्हणे तुम्ही? बदला, पण माझा शेवटचा, अंगाचं कौतुक न करण्याचा, तेवढा ठेवा. तरुणपणी ते डोंगर चढायचे. एकदा वर्गात त्या सापळ्याच्या गुडघ्यावर टिचकी मारून म्हणाले होते, असा गुडघा असता तर मी पायथ्यालाच बसलो असतो, माझी वाटी बघा! तेव्हा त्याच्या त्या पायाला वाटीच नव्हती. सुट्टीनंतर होती. आणि ह्यांच्या पायात नव्हती. त्या आठवड्यात त्यांनी ते नियम केले.

ऐकून घेतलं. माझे कान शब्दांच्या मागचंही ऐकतात. म्हातारा नोकरी सोडून गेला, पण वर्ग सोडवत नाही त्याला. मला घाबरवून त्याच्या रुळावर चालवायचंय, म्हणजे दारावर माझं नाव आणि आत राज्य त्याचं! म्हटलं, सर, तुमच्या गुडघ्याला शेक द्या. ते म्हणाले, ठीक आहे, आणि माझ्या डाव्या कानाकडे अशा नजरेने पाहिलं, जसं मी खरेदीला आलेल्या जुन्या गाडीकडे बघायचो.

१२ सप्टेंबर, गुरुवार

जेवताना बायको चिडली. डावीकडे बसून तिसऱ्यांदा मीठ मागतेय म्हणे. मी म्हटलं, एकदाही मागितलं नाहीस. ती आधी हसली. लग्न झाल्यापासून स्वयंपाकघरात उसासा टाकायची सोय नव्हती मला, म्हणाली, आणि आज भोंगा वाजवला तरी साहेब जागचे हलत नाहीत. मग हसायची थांबली. माझ्या डाव्या कानापाशी चुटकी वाजवली. बोटं दिसली.

मळ साचला असेल.

१६ सप्टेंबर, सोमवार

कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. मळ नाही. पडदा शाबूत. मग आतला फोटो काढला. डॉक्टरने तो उजेडात धरला, खाली ठेवला, पुन्हा धरला. विचारलं, ऑपरेशन कुठे केलंत? कसलं ऑपरेशन? तो म्हणाला, इथे तीन हाडं असायला हवीत. काम फार सफाईचं आहे, एक ओरखडा नाही.

मधल्या सुट्टीत वर्गात गेलो. भर दुपार, खिडक्या उघड्या, मैदानावर पोरांचा कालवा. टॉर्च घेतला. उजव्या भोकात काही नाही. डाव्या भोकात आहेत. हातोडी, ऐरण, रिकीब. पिवळी नव्हेत. गुलाबी, ओलसर.

चिमटा आत घातला. हातोडीला टोक लागलं मात्र, कळ माझ्या जबड्यातून मानेपर्यंत गेली. चिमटा तिथेच टाकून बाहेर आलो.

१८ सप्टेंबर, बुधवार

सरांच्या घरी गेलो. दारातच त्यांनी माझ्या उजव्या बाजूला खुर्ची ओढली, काही न विचारता. म्हणाले, मीही परत मागून पाहिलं. विनवलं, शिव्या दिल्या. तो देत नाही. गेलं ते गेलं, पण उरलेलं सांभाळा. त्याच्यासमोर उजव्या कानाचं नाव काढू नका. मी विचारलं, शाळेने काढून का टाकला नाही? सर म्हणाले, दोनदा काढला होता. दोन्ही वेळा माझा दुसरा गुडघा सुजला, तो परत आणेपर्यंत.

निघताना पाहिलं. त्यांच्या टेबलावर माझ्या वर्गातल्या मुलांनी काढलेली चित्रं, पानांवर पानं. वरच्या पानावर लिहिलेलं, ‘आमच्या सरांना’. एवढं सगळं झाल्यावरही माझा जीव त्या एका शब्दात अडकला. आमच्या.

२० सप्टेंबर, शुक्रवार

मुलांना कळलंय. कसं, कोण जाणे. सकाळी वर्गात शिरलो तर रांग लागलेली. एकेक जण थोरल्यांच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी सांगतोय. कुजबुज. घरचं, मनातलं, जे मास्तरला सांगावं ते सगळं. माझ्यापर्यंत एक अक्षर नाही. माझ्याच हाडांनी ऐकतोय तो!

आणखी एक. कोणी दाराशी येण्याआधी कवटी हुकावर जराशी दाराकडे वळते. मग दार उघडतं. पावलं ओळखतोय. माझं काम करतोय तो, आणि मुलं कौतुकाने बघताहेत.

दोन वेण्यांची मुलगी टेबलाशी आली. उजव्या बाजूने, हे मला कळलं. म्हणाली, सर, तुम्ही काही बोलू नका हं. आम्ही त्याला गुंतवून ठेवतो.

ती माझ्या भल्यासाठी म्हणत होती. आता लिहिताना कळतं. तेव्हा —

तेव्हा मला एवढंच दिसलं की मागच्या बाकावर दोघं हसताहेत. कोणीतरी बहिरे मास्तर म्हणालं, निदान मला तसं वाटलं. डोक्यात तिडीक गेली. टेबलावर थाप मारली. म्हणालो, एक कान गेला म्हणून काय झालं, या एका कानानेही मी त्याच्यापेक्षा —

वर्ग पांढरा पडला. दोन वेण्यांनी डोळे मिटले.

कवटी माझ्याकडे वळलेली होती.

२४ सप्टेंबर, मंगळवार

उजव्या कानात गारवा. जबडा लागला तेव्हासारखा. अजून ऐकू येतं, पण लांबून, भिंतीपलीकडून आल्यासारखं. बायको उजव्या बाजूला बसते, सारखी बोलत राहते, काहीबाही. शेजारणीचं, शिवणाचं. मेहुण्याचं पत्र आलंय, तो माफी मागतोय म्हणे. एरवी मी हे चार वेळा वाचून घेतलं असतं.

बाईंना म्हटलं, मला दुसरा वर्ग द्या. म्हणाल्या, आत्ताच तर रमलात. एवढा शांत वर्ग शाळेत दुसरा नाही.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी थोरल्यांपुढे उभा राहिलो. मी. म्हणालो, थोरले, बसतो. मुलांनी मान खाली घातली.

उशीर झाला असावा. नळाकडे पाहिलं. थेंब पडतोय. पडताना दिसतोय —

३० सप्टेंबर, सोमवार

वर्ग चांगला झाला. फळ्याकडे तोंड करून सगळा कान शिकवला, बाहेरून आतपर्यंत. एक खोकला नाही, बाक सरकला नाही. मनात म्हटलं, शेवटी जिंकलं यांना. आता माझे झाले.

वळलो. बाकं रिकामी.

दप्तरं नाहीत. खिडकीत ऊन पार खाली उतरलंय. मैदानही रिकामं.

खुर्चीवर बसून हे लिहितोय. त्याच्या कानांत टॉर्च मारायचा नाही, असं ठरवलंय. उजव्या कानात तर नाहीच —

कवटी वळली. दाराकडे. माझं लक्ष तिच्यामुळे गेलं.

दारात बायको. घरी आलो नाही म्हणून आली असणार. दमलेली, केस सुटलेले. ती कधीची उभी आहे? ओठ हलताहेत. माझं नाव असावं. दाराच्या फळीवर दोन्ही हातांनी मारतेय, फळी हलतेय. बोलताना तिची नजर आता माझ्यावर नाही. ती त्याच्याकडे बघतेय, कारण उत्तर म्हणून मान त्याने —

शाळा सुटल्याची घंटा केव्हाच झाली. मला ऐकू आली नाही.