बंदूक इकडे, किल्ली तिकडे

मुक्काम : नेमबाजीच्या मैदानाचं कॅन्टीन, पंख्याखालचं टेबल

तीर्थरूप काका,

साष्टांग नमस्कार. (आठांपैकी सात अंगं या प्लॅस्टिकच्या खुर्चीत अडकली आहेत, तेव्हा भाव समजून घ्यावा.) तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? काकूंना सांगा, त्यांनी प्रवासाला दिलेली उशी फार कामी आली. कशी, ते पुढे येईलच, आणि ते कळल्यावर त्या ती परत मागणार नाहीत. फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण काका, फोनवर मी 'आत्या' म्हटलं की तुमच्याकडची रेंज जाते आणि हवापाण्याचं बोललं की परत येते, हा माझा आजवरचा अनुभव आहे. पत्राचं बरं असतं. रागाने भिरकावलं तरी आजूबाजूला कोणी नाही असं बघून पुन्हा उचलता येतं.

तर विषय आत्याचाच आहे. (उचललंत? आभारी आहे.) परवा सकाळी इथे ज्येष्ठांची रायफल स्पर्धा आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया ठरवली आहे, आणि त्याआधीची ही आपली शेवटची स्पर्धा, असं तिने स्वतःच जाहीर करून टाकलं. खेळणार ती अर्थातच आजोबांच्या रायफलीने. तिला आणि रायफलीला गाडीतून इथे आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण घरात सगळ्यांत जपून गाडी चालवणारा मीच. आता माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. मी लिफ्ट तपासणारा माणूस. सहा जणांची लिफ्ट असली तर मी तिच्यात चौघांनाच चढवतो आणि स्वतः जिन्याने जातो.

आयोजकांनी नियमांचा एक कागद पाठवला होता. रायफल रिकामी हवी, गोळी सुटू नये म्हणून तिचा बोल्ट काढून वेगळा ठेवावा, ती कुलूपबंद पेटीत असावी, गोळ्या दुसऱ्या डब्यात, चालवणाऱ्याचा हात रायफलीपर्यंत पोचता कामा नये, परवानाधारक सोबत हवा, आणि रायफल गाडीत कधीही एकटी सोडू नये. एखाद्या शहाण्या माणसाने कागद वाचला असता, पेटी डिकीत टाकली असती आणि गाडी सुरू केली असती. मी तो कागद लॅमिनेट करून घेतला.

पहिली अडचण म्हणजे आजोबांची पेटी डिकीपेक्षा लांब निघाली. मागची सीट पाडली तर मावत होती, पण सीट पाडली की डिकी आणि गाडी एकच होतात, मग चालवणाऱ्याच्या हाताचं काय? मी पट्टा लावून बसलो आणि हात मागे ताणून पाहिला. पोचत नव्हता. पण संकटसमयी माणसाचा हात किती लांबतो याची कागदात काहीच नोंद नव्हती. शेवटी डिकीतलं जादा चाक बाहेर काढलं, तेव्हा पेटी तिरकी बसली. चाक मागच्या सीटवर आत्याशेजारी ठेवून त्यालाही पट्टा लावला. चाकाचा काळेपणा तिच्या साडीला लागू नये म्हणून मध्ये उशी दिली. (हीच ती उशी.) गोळ्यांचा डबा आत्याच्या पायाशी, बोल्ट लोकरी मोज्यात घालून तिच्या पर्समध्ये, डोळ्यांच्या थेंबांच्या बाटलीला लागून.

राहिली पेटीची किल्ली. इथे मात्र माझी बुद्धी भलतीच धावली. कुलूप आणि किल्ली एकाच गाडीत असतील तर त्या कुलपाला अर्थ काय उरला? म्हणून निघायच्या आधीच मी ती किल्ली कुरिअरने मैदानाच्या ऑफिसच्या पत्त्यावर रवाना केली. बंदूक रस्त्याने, किल्ली टपालाने, दोघींची गाठ थेट मैदानावर. आत्याला हे मी सांगितलं नाही. म्हटलं, तिला उगाच काळजी नको.

पेट्रोल पंपापर्यंत प्रवास उत्तम झाला. तिथे आत्याला स्वच्छतागृहात जायचं होतं आणि लहानपणीचं ते वाघ, शेळी आणि गवताचं कोडं माझ्यासमोर उभं राहिलं. रायफल एकटी सोडायची नाही. परवाना आत्याचा, म्हणून मी रायफलीपाशी एकटा थांबायचं नाही. आणि आत्याला तर थांबता येत नव्हतं. मी मार्ग काढला. गाडी उलटी घेत डिकी स्वच्छतागृहाच्या दाराला जवळजवळ टेकवली, म्हणजे आत्या आत असूनही रायफल तिच्याजवळच. तरी खात्री असावी म्हणून मी बाहेरून दर थोड्या वेळाने ओरडत होतो, आत्या, बंदुकीवर लक्ष आहे ना? आणि आतून ती ओरडत होती, आहे रे बाबा! काय झालं कोण जाणे, पंपावरची रांग एकाएकी मोकळी झाली. मला वाटलं, लोक समजूतदार आहेत.

पुढे चाक पंक्चर झालं. जादा चाक पट्टा लावून हजर होतं, पण जॅक होता पेटीखाली. म्हणजे भर रस्त्यात पेटी बाहेर काढणं आलं. आत्याने ती दोन्ही हातांवर घेतली आणि झाडाखाली उभी राहिली. मी जॅक कुठे लावतात ते पुस्तिकेत शोधत होतो, तेवढ्यात मोटारसायकलवरून एक हवालदार आले. पंपावरून त्यांना कोणीतरी कळवलं होतं की एक म्हातारी बंदूक घेऊन स्वच्छतागृहात शिरली आहे. त्यांनी तिला मावशी म्हटलं. तिने लगेच दुरुस्ती केली की मी कुणाची मावशी नाही, आत्या आहे. परवाना पाहिला, चोख होता. पर्स उघडून मोजा पाहिला, डबा पाहिला, मी पुढे केलेला लॅमिनेट केलेला कागदही पाहिला. मग ते म्हणाले, आता पेटी उघडा.

मी सांगितलं, किल्ली कुरिअरने गेली.

काका, त्या क्षणी आत्याने माझ्याकडे असं पाहिलं की पेटी बंद असल्याबद्दल मी मनोमन देवाचे आभार मानले. हवालदार हसायला लागले ते मोटारसायकलला धरून खाली बसले. गुन्हेगार एवढे नियम पाळायला लागले तर आम्ही घरी बसू, असं म्हणत त्यांनी स्वतःच चाक बदललं (पुस्तिका न वाचता!) आणि मैदानापर्यंत आमच्या पुढे चालले. परवा ते स्पर्धा बघायलाही येणार आहेत.

काल इथे आलो तर कुरिअरचा पत्ता नाही. पाकीट वाटेत आहे, एवढंच कळतं. कुलूप तोडू म्हटलं, तर आत्या पेटीवर हात ठेवून बसली. आजोबांचं पितळी कुलूप आहे, त्याला कानस लावायची नाही. क्लबने एक रायफल देऊ केली. तिने दोन-चार गोळ्या झाडल्या, त्या निशाण सोडून चहूकडे गेल्या, आणि तिने ती हळूच खाली ठेवली. हिची माझी ओळख नाही, म्हणाली. आणि पुन्हा पेटीपाशी जाऊन बसली. माझ्या सावधपणाने तिची शेवटची स्पर्धा खाल्ली, असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतंय.

आता मुद्द्यावर येतो. त्या कुलपाची दुसरी किल्ली तुमच्या कपाटाच्या जुडग्यात आहे. आजोबांनी रायफल तिला दिली आणि दुसरी किल्ली तुम्हाला. रायफल गेली म्हणून तुम्ही रागावलात ते आजतागायत. पण मी आज दिवसभर त्या पेटीकडे बघत बसलो आहे आणि मला राहून राहून वाटतं, म्हाताऱ्याने विचार करूनच वाटणी केली होती.

सर्वांना नमस्कार. परवा सकाळच्या आत उत्तराची नव्हे, तुमची वाट पाहतो.

आपला पुतण्या

ता. क. हे पत्र आणणारे गृहस्थ इथल्या एका स्पर्धक बाईंचे यजमान आहेत. उद्या सकाळी ते इकडे परत निघतील. त्यांच्या गाडीत जागा आहे, मी पट्टे तपासले. किल्ली त्यांच्या हाती देऊ नका, स्वतः आणा. कुरिअरचं तर नावच काढू नका.

ता. क. दुसरा : प्रत्येक स्पर्धकाच्या माणसासाठी इथे एक खुर्ची असते. मी बसायला गेलो तर आत्याने तिच्यावर पर्स ठेवली. कोणासाठी, असं विचारलं. म्हणाली, "पहिला नेम ज्याने धरायला शिकवला, त्याने शेवटचा बघायला नको?" तुमची खुर्ची राखून मी उभा आहे.

ता. क. तिसरा : पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात कुरिअरवाला आला. किल्ली आली, काका. मी नाचतच ती आत्याला नेऊन दिली. तिने ती उलटसुलट करून पाहिली, बोल्टच्या मोज्यात टाकली, पर्स बंद केली आणि म्हणाली, "अजून आली नाही असंच असू दे पत्रात." पण खोटं लिहिणं नियमात बसत नाही. किल्ली आली आहे. तरी या.