ग्राहक कोण?

मंगळवार, संध्याकाळ

आज धीर करून सात रस्त्याजवळच्या वीज कार्यालयात तक्रार द्यायला गेले. घरमालक तात्यांनी गच्चीवर सोलर बसवल्यापासून त्यांचं बिल जवळजवळ शून्यावर आलंय. आमच्याकडून मात्र जुन्याच दराने पैसे घेतात. वर रोजची बोलणी, "कूलर दिवसभर कशाला?" सासरे अंथरुणाला खिळलेले, डोक्यावर तापलेली स्लॅब. कूलर बंद करू तरी कसा?

खिडकीतल्या बाईंनी शांतपणे विचारलं, "मीटर कुणाच्या नावावर आहे?"

"घरमालकांच्या."

"मग ग्राहक ते. भाडेकरूची तक्रार आम्हाला घेता येत नाही."

वीज मी वापरते, पैसे मी देते, आणि ग्राहक ते? मग मी कोण? घरी येईपर्यंत हेच डोक्यात.

बातमी माझ्या आधीच पोचली होती. कुणी सांगितलं, देव जाणे. तात्या जिन्यातच उभे होते. "लई कायदा कळाय लागला व्हय तुमाला? मग दुसरी खोली बघा की."

घरात आजारी माणूस आहे म्हटल्यावर खोली कोण देतं? मागच्या खेपेला किती दारं हिंडलो होतो! आवाज ऐकून हे दारात आले होते. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे खाली मान घालून उभे. आतून सासऱ्यांनी पाणी मागितलं.

मी हात जोडले. "चुकलं माझं, तात्या."

काय चुकलं होतं माझं?

"आसू दे," ते म्हणाले. "पण उद्यापासनं दुपारचा कूलर लावायचा न्हाय."

मी "हो" म्हणाले.