गर्दी मोजणाऱ्याने केलेली गर्दी

तीर्थस्वरूप मावशीस,

साष्टांग नमस्कार. (या खेपेला खरोखर आडवा पडून घातलाय, खोलीचं दार लावून.) गुडघा कसा आहे? व्यायाम करतेस, की डॉक्टरांना नुसतं हो म्हणून येतेस? मी धडधाकट आहे. फक्त तोंड दाखवायची सोय उरलेली नाही, आणि ती मी स्वतःच्या हाताने घालवली.

निवृत्त होण्याआधी तू आमच्या मशिनांच्या गाभ्यात, कर्नेलमध्ये, मेमरी वाटायची जी मांडणी करून ठेवलीस, तिच्या नादी मी लागलो. प्रत्येक प्रोसेसरला मेमरीच्या रिकाम्या पानांची स्वतःची छोटी चळत, म्हणजे एकाच कोठारापाशी चौसष्ट जणांची रेटारेटी नको, इतकं साधं काम. बरं चाललं होतं गं! कुणी विचारलं नव्हतं, पण मला अक्कल पाजळायची होती. म्हटलं, रेटारेटी खरंच थांबली का ते मोजू. म्हणून मी एक सामायिक आकडा ठेवला आणि पान घेतलं की प्रत्येक प्रोसेसरने त्यात एक मिळवायचा, असा नियम केला. मशिन निम्म्या वेगावर आलं. मला कोण आनंद! म्हटलं, सापडली खोट मावशीच्या मांडणीत. (आकडा काढून चालवून बघावं असं सुचलं नाही, कारण मोजल्याशिवाय कळणार कसं?)

मग भरल्या मीटिंगमध्ये मी तुझी मांडणी काढून माझी घालायची मागणी केली आणि साहेबांनी ती मान्यही केली. वर म्हणालो की जुन्या माणसांना चार प्रोसेसरच्या पुढे मोजताच येत नव्हतं. सगळे हसले. आधी मी हसलो. मावशी, ते हसू अजून कानात आहे.

सोमवारी माझ्या मांडणीची चाचणी घेतली. मशिन असं सुसाट पळालं की मी सगळ्यांना चहा पाजला. चहा संपल्यावर नीट पाहिलं, तर माझी मांडणी घालायलाच विसरलो होतो. आत होती ती तुझीच, फक्त माझा आकडा काढलेला. आईला फोनवर (तुझं नाव गाळून) समजावलं, की खोलीत गर्दी किती होते ते बघायला दारात वही ठेवली, येणाऱ्या-जाणाऱ्याने सही करायची, तर दारातच झुंबड उडाली. प्रत्येकाकडे वहीची नक्कल, पण एकाने सही केली की बाकीच्यांकडची शिळी, मग सगळे पुन्हा वहीपाशी. आई म्हणाली, "मग वही उचल की!" एवढा पगार घेऊन मला जे पंधरा दिवसांत कळलं नाही, ते तिला भाजी निवडता निवडता कळलं.

चुकलो गं. फार चुकलो.

तुझा नालायक भाचा

ता. क. आज गुरुवार, आणि साहेबांना अजून सांगितलेलं नाही. उद्या सकाळी तुझी मांडणी काढून नवी आवृत्ती सगळ्या मशिनांवर जाईल. तू आजच त्यांना फोन करून 'मोजणीत चूक दिसते' एवढं म्हणशील का? मग मी मोठ्या मनाने मान्य करीन.

ता. क. २. वरचं वाचून माझीच मला शिसारी आली. खोडणार होतो, पण राहू दे, भाचा कुठवर घसरला ते तुला कळू दे. आत्ताच साहेबांना सगळं सांगून आलो, त्या हसण्यासकट. ते रागावले नाहीत. म्हणाले, "मीटिंग झाली त्याच दिवशी तुझं काम तुझ्या मावशीला दाखवलं होतं, तिने दहा मिनिटांत चूक काढली. नवी आवृत्ती तेव्हाच थांबवली. पण तिने बजावलं होतं, 'त्याला काही सांगू नका, तो आपणहून येईल.'" मी विचारलं, आणि आलो नसतो तर? साहेब म्हणाले, मीही तेच विचारलं. रोज फोन करून विचारलं. ती रोज एवढंच म्हणाली, येईल.

मावशी, रविवारी येऊ का? कोणत्या तोंडाने, ते मात्र विचारू नकोस.