रविवारचा कोळसा

शुक्रवार, दिवेलागण

नातीचा, ऋचाचा, नेरूळवरनं फोन आला. रविवारी सगळी माझ्या अंगणात येणार हायत, जाळीवर मासळी भाजायला! मी एवढी खूश झाले, का गॅसवरचा चहा उतू गेला.

"आजी, कोळसा कुठला आणू? लाकडी का त्या दाबून केलेल्या वड्या?"

हे मला विचारायचं? जन्मभर लाकडी कोळशावर सुके बोंबील भाजले. पटकन पेटतो, वासपन काय सुंदर! वड्या पेटायलाच अर्धा तास घेतात. पन शेजारी सुमनकडं बघितलं ना, वड्या विझता विझत नव्हत्या आणि मानसं भोवती गप्पा मारत बसलेली. लाकडी कोळसा भराभर जळतो. मासळी संपली का माझा पोरगा उठतोच, "चल आई, ट्रॅफिक लागेल." मग एवढ्या अंगणात मी एकटी.

"वड्याच आण," मी बोलले.

"अगं, तू तर त्यांना गोवऱ्या म्हणतेस!"

"म्हणत होते. आता वय झालं, चव कुठं कळते?"

खोटं बोलले. नातीशी खोटं बोलावं का? चव मला चांगली कळते. वर सांगितलं, मोठी पिशवी आण.