सभामंडपातून व्हिएतनामला इंग्रजी

१४ फेब्रुवारी, शनिवार
गावी पोचलो. व्हिएतनाममध्ये टेटची, म्हणजे त्यांच्या नव्या वर्षाची सुट्टी, त्यामुळे सेंटर बंद. विन्ह शहरात आठ महिने इंग्रजी शिकवून आलेला माणूस एसटीतून उतरतो आणि फाट्यावरचा पहिलाच इसम विचारतो, काय रं कल्याण, तोडीवरून आला का? तोडी म्हणजे ऊसतोड. माझ्या खांद्यावर लॅपटॉपची बॅग. गावाची लेव्हलच ही.
आईला व्हिएतनाम समुद्राच्या पलीकडं आहे हे मोबाईलवर नकाशा काढून दाखवलं. ती म्हणाली, मग अलीकडंच उतरायचं हुतं की. मोबाईल खिशात ठेवला.
संकल्प: सुट्टीत घरात फक्त इंग्रजी.

१५ फेब्रुवारी
संकल्प स्थगित. इंग्रजीत मागितली तर आई भाकरी वाढत नाही.

१७ फेब्रुवारी
सेंटरच्या मॅनेजर लान मॅडमचा मेसेज. माझा करार संपत आलाय, नवा द्यायचा की नाही हे पालकांना विचारून ठरणार. पालकांची तक्रार म्हणे अशी: वडील घरात शिरले की पोरं ताडकन उभी राहतात, हाताची घडी घालतात आणि एका सुरात ‘गूऽऽड मॉर्निंऽऽग सऽऽर’ करतात. एका बापाच्या हातातलं सूप सांडलं.
मग काय चुकलं? आम्ही मराठी शाळेत असंच शिकलो. मला तर यात शिस्त दिसते. बापाला सूप धरता येत नाही त्याला मी काय करू.
तर २८ तारखेला मी इथूनच ऑनलाइन वर्ग घ्यायचा, पालक बसून बघणार. पसंत पडला तर नवा करार, व्हिसा, सगळं. नाही पडला तर इथंच. आणि इथं म्हणजे दूध डेअरी. चुलतभाऊ सहादेवदादा ग्रामपंचायतीचा मेंबर आहे, त्यानं माझं तिथं परस्पर बोलून ठेवलंय. सकाळ-संध्याकाळ लोकांच्या दुधाचं फॅट बघायचं. मी!
मॅडमना ‘नो प्रॉब्लेम’ कळवलं. खरंच नाहीये.

१९ फेब्रुवारी
उद्या नगरला जाऊन रंगीत तक्ते प्रिंट करणार. प्राणी, फळं, क्रियापदं. दुपारपर्यंत परत. मग रोज सराव.

२२ फेब्रुवारी
भंडारदऱ्याहून परत आलो. झालं असं की तक्ते घेऊन नगरहून निघालो तर केडगावात शाळेतला मित्र पार्थ भेटला, त्याच्याकडं नवी बुलेट. तो म्हणाला, चल रे, तंबूत राहू, तळ्याकाठी तुझा अभ्यासबी व्हईल. मला ते शैक्षणिकदृष्ट्या पटलं. अभ्यास असा नाही झाला, पण डोकं मोकळं झालं. तक्त्यांतली फळं वाऱ्यानं पाण्यात गेली. प्राणी शाबूत आहेत.
कसलेला शिक्षक तक्त्यांवर अवलंबून नसतो.

२४ फेब्रुवारी
घरात रेंज नाही. सहादेवदादा म्हणाला, मारुतीच्या सभामंडपात ये, पंचायतीचं वायफाय तिथं फुल्ल पकडतं. मी एकच अट घातली, शांतता पाहिजे. तो म्हणाला, टाचणी पडू देणार न्हाई. चार माणसं मागं बसली तर चालंल का? चालेल म्हटलं. कळू दे की लोकांना, मी तिकडं काय करतो ते. ऊसतोड म्हणे.

२७ फेब्रुवारी
सराव करणार होतो. पण जास्त सरावानं वर्ग नॅचरल वाटत नाही. झोपलो.

२८ फेब्रुवारी, सकाळी ८
सभामंडपात आलोय. सतरंज्या, माइक, खुर्च्या आणि अख्खं गाव. सहादेवदादा म्हणाला, परदेशातली पाव्हणी येणार, सत्काराबिगर कसं चालंल? मी म्हटलं, अरे दादा, पाहुणे लॅपटॉपमध्ये आहेत. तो म्हणाला, मग लॅपटॉपचा करू. चेष्टा करत असावा.

दुपार
चेष्टा नव्हती. विसरलो होतो, तेवढी अक्कल त्याच्यात नाही.
स्क्रीनवर पोरं, मागं पालक, मधे लान मॅडम. मी तोंड उघडलं तोच डोक्यावर फेटा आला. शाल, नारळ. मग सरपंच गोजरबाईंचं मनोगत. मॅडमनी विचारलं, या काय म्हणताहेत? मी सांगितलं, ही प्रस्तावना आहे. मग लॅपटॉपला हळदीकुंकू, लॅपटॉपला शाल, लॅपटॉपला झेंडूचा हार. टाळ्या. एका म्हाताऱ्याचं नाव घ्यायचं राहिलं म्हणून तो रुसून पायऱ्या उतरायला लागला, त्याला धरून आणून त्याचाही सत्कार. या लोकांना दुसरं काही येत नाही.
उरलेल्या वेळात मात्र मी कमाल केली. ‘फ्रॉग’ शिकवताना स्वतः बेडकासारखा उड्या मारत मारुतीपर्यंत गेलो. फेटा सुटला तरी थांबलो नाही. गोजरबाई म्हणाल्या, आगं बया, ह्याला तिकडं ह्याचा पगार मिळतो? पलीकडून मात्र एक आवाज नाही. पोरं इतकी रंगली होती.
शेवटी लॅपटॉप बंद करायला हार काढला. तेव्हा कळलं, कॅमेऱ्यावर बरोब्बर एक झेंडू बसला होता. मॅडम म्हणाल्या, थँक यू मिस्टर कल्याण, वी हर्ड एव्हरीथिंग.

१ मार्च
विचार केला. चित्र गेलं तरी आवाज स्पष्ट होता, आणि भाषा म्हणजे शेवटी आवाजच. हातवारे, उड्या हे सगळं वरवरचं. झेंडूनं फायदाच केला. पालकांना पहिल्यांदाच माझं निखळ इंग्रजी ऐकायला मिळालं.
बॅग भरायला घेतली.

३ मार्च
सहादेवदादा येऊन गेला. डेअरीवाला थांबायला तयार न्हाई म्हणाला. मी म्हटलं, खुशाल दुसरा बघ. तो म्हणाला, बघतोच. आई आत भांडी जोरात आपटत होती.

५ मार्च
मॅडमचा मेसेज आला. सत्कार पालकांना फार आवडला. पुढं चित्र नव्हतं म्हणून सगळ्यांनी आठ महिन्यांत पहिल्यांदा नीट कान देऊन माझं इंग्रजी ऐकलं. त्यानंतर फार चर्चा करावी लागली नाही. शिक्षकाची जागा देता येणार नाही.
पण पोरांचा माझ्यावर जीव आहे. म्हणून दारावर एक जागा काढलीय. सकाळी फाटकात उभं राहायचं, हात जोडायचे, हसून पोरांना आत सोडायचं. बोलायची गरज नाही, असं त्यांनी दोनदा लिहिलंय.
सहादेवदादाकडं गेलो. डेअरीवर कालच दुसरा पोरगा लागला.
मॅडमना ‘यस’ लिहून पाठवलं. तेवढं बरोबर गेलं असावं.