कॉर्नर चालू होता

११ जानेवारी २०२६, रविवार

जे झालं ते क्रमाने.

१. गाव कोसमटोला. धान निघाल्यावर चार बांध्यांचे, म्हणजे भातखाचरांचे, धुरे फोडून केलेलं मैदान. लांबी ८४ मीटर, रुंदी ५१, पावलांनी मोजलेली. गोलचे खांब बांबूचे, जाळं मासे धरायचं.
२. उपांत्य सामना. सुरुवात ३.१५ ला.
३. पूर्वेकडच्या गोलमागे सहा मीटरवर लटारू नावाच्या शेतकऱ्याचा हरभरा. रानडुकरांसाठी भोवती एकच बारीक तार, गुडघ्याच्या उंचीवर. खुंट्यांवर फुटक्या बाटल्यांचे गळे.
४. ३.५२ ला मला फोन आला. एक मिनिट दहा सेकंद.
५. ४.०६ ला चेंडू हरभऱ्यात गेला. कोसमटोल्याचा गोलकीपर कोलू (वय २३) आणायला गेला. ओलांडता यावी म्हणून त्याने तार हाताने खाली दाबली.
६. तारेत करंट होता.
७. मी ओरडले, कोणी हात लावू नका. कॉर्नरच्या झेंड्याचा बांबू उपटला आणि त्याने तार सोडवली.
८. ४.०७ ला मी फोन केला. विजेची लाईन बंद झाली.
९. बावीस मिनिटं छाती दाबली.
१०. ॲम्ब्युलन्स ५.१२ ला आली. तिची गरज उरली नव्हती.

१२ जानेवारी

चौथा मुद्दा अर्धाच लिहिला आहे.

फोन धनराजचा होता. आमच्या वीज उपकेंद्रातला ऑपरेटर, कंत्राटी, माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. म्हणाला, "म्याडम, रातची लाईन चार घंटे बंद होती ना, शेतकरी बोंबलून राह्यले. आता दोन घंटे देऊ का?"

मी म्हटलं, "दे."

शेतीच्या लाईनला पाळी असते. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. हा आठवडा रात्रीचा. म्हणजे दिवसा तारा मेलेल्या. हे गावात सगळ्यांना पाठ असतं. लटारूने त्याच लाईनवर आकडा टाकून कुंपणात करंट सोडला होता. दिवसपाळीच्या आठवड्यात तो सकाळी उठून आकडा काढतो. रातपाळीच्या आठवड्यात काढत नाही. कशाला काढेल? दिवसा त्यात काही नसतंच.

तार मी ३.४० ला पाहिली होती. करंट खुंटीत उतरू नये म्हणून लावलेले बाटल्यांचे गळे पाहून ती कसली आहे तेही कळलं होतं. येताना खांबावरचा नंबर वाचला होता — आमचीच लाईन. मनात म्हटलं, रातपाळी आहे, मेलेली आहे.

बारा मिनिटांनी मीच ती जिवंत केली.

१३ जानेवारी

दोन गोष्टी मला माहीत होत्या. त्या एकमेकींना का भेटल्या नाहीत?

उत्तर लिहून ठेवते. फोन आला तेव्हा कॉर्नर चालू होता. मला तो पाहायचा होता. फोन लवकर संपावा म्हणून "दे" म्हटलं.

कॉर्नर वाया गेला. चेंडू सगळ्यांच्या डोक्यावरून पलीकडे.

१५ जानेवारी

लटारूला अटक झाली. सदोष मनुष्यवध. कार्यकारी अभियंत्यांनी बोलावलं होतं. माझ्या विभागातली लाईन म्हणून. "चोरीची तार. आपला संबंध येत नाही. दिवसा लाईन कशी होती, तेवढं ऑपरेटरला विचारून कळवा."

मी त्या वेळी मैदानात होते, हे त्यांना माहीत नाही. कोणालाच नाही. नोव्हेंबरमध्ये इथे रुजू झाले. गावांत लाईनमन जातो, मी नाही. तिथे मी फक्त सामना पाहायला आलेली कोणीतरी बाई होते.

रविवारी छोटी मैदानं बघत फिरते हे मी ऑफिसात कधी सांगितलेलं नाही. पॉलिटेक्निकपासूनची सवय. एटापल्लीच्या वाटेवरचं, ज्यात मधोमध मोहाचं झाड आहे आणि झाडाला लागलेला चेंडू खेळातच धरतात. गोंडपिपरीकडचं, एका बाजूला दीड फूट उतार असलेलं. बक्षीस म्हणून स्टेजजवळ बांधलेला बोकड. माईकवरचा माणूस. कोणी ओळखत नाही, कोणी काही विचारत नाही. एक नियम होता — आपल्या विभागातल्या गावात जायचं नाही. तो मोडून गेले ते कोसमटोला पहिलं.

१८ जानेवारी, रविवार

मार्कंड्याच्या अलीकडे एका मैदानावर गेले. का गेले, माहीत नाही. घरी बसवत नव्हतं.

सामन्याआधी कडेने पूर्ण चक्कर मारली. जिथे तार दिसली तिथे टेस्टर लावला. तिथला गोलकीपर हसला, "म्याडम, बांधीले ताप आला का?" त्याचे दोस्त हसले. मीही हसले असेन.

चेंडू अकरा वेळा मैदानाबाहेर गेला. अकराही वेळा मी उभी राहिले.

२० जानेवारी

कोलूचा आवाज येतो. भास नाही, आठवणच. पण वेळ तिची ती ठरवते. आज रीडिंग तपासताना आला.

मी त्याच्या गोलमागे उभी होते. चेंडू दुसऱ्या टोकाला. त्याला करमत नव्हतं.

"ताई, कोनत्या गावच्या?"

"बल्लारपूर."

"एवढ्या दूरून आमचा खेळ पाहाले? घरी काम नाई का?"

"आज सुट्टी."

"मंग बोला काई. माह्याकडं बॉल येतच नाई. या लोकाईनं मले राखनदार करून ठेवलं."

मग चेंडू आला. त्याने तो छातीशी धरला आणि मागे वळून माझ्याकडे बघितलं — पाहिलं ना, असं. मी मान हलवली. टाळी वाजवायला हवी होती.

२२ जानेवारी

उपकेंद्राच्या यार्डात ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो. शिकताना पहिल्या वर्षी त्याचं कारण लिहिलं होतं, पाच गुणांना. आता त्याच्याजवळ उभं राहवत नाही.

२३ जानेवारी

लॉगबुक पाहिलं. ११ तारीख, ३.५३ ला सुरू, ४.०७ ला बंद. "कोणाच्या सांगण्यावरून" हा रकाना रिकामा.

तो रकाना धनराज नेहमीच रिकामा सोडतो. मीच सांगितलं होतं — तोंडी सांगितलेलं लिहीत बसू नको, आठवड्याने मी एकदम सही करीन. वेळ वाचतो म्हणून.

त्याला काही विचारलं नाही. त्याने चहा आणून ठेवला. प्यायले नाही.

२८ जानेवारी

वरून पत्र आलं. पाळी नसताना ऑपरेटरने परस्पर लाईन दिली, असं दिसतं. धनराजला कामावरून थांबवलं. चौकशीपर्यंत.

मी पत्राची पोच दिली. सही केली. वेळ टाकली.

१ फेब्रुवारी, रविवार

कोसमटोल्याला गेले. थांबलेला सामना आज पुढे खेळायचा होता.

हरभऱ्याची तार काढून टाकली आहे. खुंट्या आहेत. लटारूची बायको गुणाबाई शेताच्या पलीकडच्या टोकाला बसली होती. तिच्याजवळ कोणी नव्हतं. माझ्याकडे बघून म्हणाली, "रातचीच लाईन होती जी. साऱ्याइले मालूम हाय. दिवसाची कोनं सोडली?" मी नवखी, म्हणून मला विचारलं. बाकी सगळ्यांना विचारून झालं असावं.

मी म्हटलं, "पाणी आहे का जवळ?" तिने बाटली दाखवली. मी पुढे गेले.

कोसमटोल्याचे दहाच उतरले. गोल रिकामा. पहिली पाच मिनिटं तिथे कोणी उभं राहायचं नाही आणि समोरच्यांनी मारायचं नाही, असं दोन्ही गावांनी ठरवलं होतं. समोरचा कप्तान लोकेश चेंडू आडवाच देत राहिला. इकडून तिकडे, तिकडून इकडे. लोक गप्प. बोकडही गप्प.

चौथ्या मिनिटाला चेंडू धानाच्या खुंटाला लागून उडाला. कोणी मारला नव्हता. संथपणे घरंगळत गोलमध्ये गेला आणि मासे धरायच्या जाळ्यात थांबला.

रेफरीने शिट्टी तोंडापर्यंत नेली, वाजवली नाही. लोकेश डोक्याला हात लावून खाली बसला.

मग माईकवरचा म्हातारा पोचू बोलला. एरवी तो खेळाडूंची फार टिंगल करतो. आज एवढंच — "कोलूनं अडवला. बॉल कोसमटोल्याचा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. तीन आठवडे उशिरा.

सामना कोणी जिंकला ते मला माहीत नाही. मी तिथे होते, तरी माहीत नाही.

निघताना एका बाईने हात धरला. कोलूची आई, सोमारी. मला तिच्या अंगणात नेलं, खाटेवर बसवलं. जमलेल्या बायांना सांगितलं, "हेच ते पोरगी. माहा कोलू पडाच्या आधीच इनं फोन कानाले लावला होता. मी पाह्यलं ना. हिले आधीच समजलं." मग मला म्हणाली, "तू ॲम्बुलन्सले लावला ना बाई तवा? त्याईलेच उशीर झाला. तुहा काई उशीर नाई झाला."

तिची मुलगी ललिता चहा घेऊन उभी होती. म्हणाली, "आई रोज सांगते. एक तरी मानूस वेळेवर होता म्हनते."

मी चहा प्यायले. गरम होता, जीभ भाजली.

ललिताने माझा नंबर घेतला. मी खरा दिला.

२ फेब्रुवारी

रजा.

३ फेब्रुवारी

धनराजच्या घरी गेले. अंगणात सायकलची चेन साफ करत होता. उठायला लागला, मी बस म्हटलं.

"मी सांगितलं होतं तुला लाईन द्यायला," मी म्हटलं.

"हो ना."

"मग माझं नाव का नाही घेतलंस?"

"तुमी नवीन हाव म्याडम. पहिलीच नोकरी. मले काय, कुठी बी वायरमनचं काम भेटते." चेन पुसत राहिला. मग म्हणाला, "अन् तुमी तिथीच होत्या."

"तुला कोणी सांगितलं?"

"कोनी कायले सांगते? फोनमधी पोचूभाऊचा माईक आयकू आला. 'कॉर्नर, कॉर्नर' करून राह्यला होता. मले वाटलं, म्याडम गेल्या हायेत त अंदाज घेऊनच सांगून राह्यल्या." चेनवर तेल सोडलं. "मी बी खटका दाबाच्या आधी इचारलं नाई. तुमी 'दे' म्हनल्या, मी देल्ली."

घरातून त्याच्या बायकोने, रंजीताने, विचारलं, "कोन आलं?"

"ऑफिसचे हायेत," तो म्हणाला.

मी विचारलं, तू इतके दिवस हे घेऊन कसा राहिलास? तो म्हणाला, "तुमी कशा राह्यल्या?" टोमणा नव्हता. खरंच विचारत होता.

५ फेब्रुवारी

लिहायला बसले. कच्चा मसुदा चार वेळा. चारही वेळा "अनवधानाने" हा शब्द आला. चारही वेळा खोडला. अवधान होतं. दुसरीकडे होतं.

६ फेब्रुवारी

अजून कोलू हसतो आणि मागे वळून बघतो. आता तो काही बोलत नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार

पोलीस ठाण्यात जबाब दिला. दोन तास वीस मिनिटं. फोनच्या नोंदी जोडल्या. ऑफिसला प्रत दिली. कार्यकारी अभियंता म्हणाले, "कोणी विचारलं होतं का तुम्हाला?"

नाही, म्हटलं. कोणी विचारलं नव्हतं.

८ फेब्रुवारी, रविवार

आज कुठल्याच मैदानावर गेले नाही. ललिताला पाठवलेल्या पत्राची नक्कल:

ललिता, हे आईला वाचून दाखव. सोमारीबाई, तुम्ही पाहिलेला फोन ॲम्ब्युलन्सचा नव्हता. मी वीज खात्यात आहे. त्या फोनवर मी लाईन सुरू करायला सांगितली. कोलू त्याच लाईनने गेला. धनराजने आणि लटारूने जे केलं ते त्यांचं; दिवसाची लाईन माझी. काल पोलिसांना हे सांगितलं आहे. तुम्ही गावात माझ्याबद्दल जे सांगता ते खरं नाही. खरं काय ते तुमच्या अंगणात, त्याच बायांसमोर सांगायला मी यावं की येऊ नये, ते तुम्ही ठरवा. गुरुवार, १२ फेब्रुवारीपर्यंत उत्तर द्या.

— करिष्मा देवगडे