बोटीचं बूच

ब्रॉडी,

बोटीच्या ट्रेलरच्या स्प्रिंगांवर मीठ पांढरं फुललंय. समुद्रावरून आणून गोड्या पाण्याने धुवायलाही विसरलास, म्हणून कळलं की बोट पाण्यात उतरवलीस. हिवाळाभर आपण दोघा बहीणभावांनी बाबांच्या त्या जुन्या अ‍ॅल्युमिनियमच्या बोटीचा एकेक रिव्हेट नव्याने ठोकला. "पहिल्या दिवशी बाबाच पुढे बसतील," हे तूच म्हणाला होतास. आणि नेलंस कोणाला, तर शेजारच्या डॅझला! तो मघाशी कुंपणावरून हसत म्हणाला, "काय गं टेस, तुला नाही नेलं? थेंबभर गळली नाही तुमची बोट!"

ट्रेलर मी धुतलाय. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष?

बोटीच्या बुडाला पाणी काढायला जे भोक आहे, त्याचं बूच मात्र घेऊन वृद्धाश्रमात चाललेय. बाबांच्या मुठीत ठेवीन. हवं असेल तेव्हा त्यांच्याकडे जाऊन तूच मागून आण.

टेस